उभारणारा कोण?

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, वाघोली आणि लोणीकंद मागे टाकले की पुढे भीमा लागते. अलीकडच्या काठाला पेरणे गावच्या शिवारात जयस्तंभ उभा आहे आणि पुलापलीकडे शिरूर तालुक्यातले कोरेगाव भीमा. शिरूरच्या छावणीतून रात्रभर चालत आलेली ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाची फौज यांची गाठ १ जानेवारी १८१८ रोजी इथे पडली. पुढे २६ मार्च १८२१ रोजी या स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावरचा मजकूर इंग्रजीत कोरला आहे आणि मराठीतही. दर १ जानेवारीला इथे मानवंदनेसाठी जी गर्दी लोटते तिच्यात महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यापैकी कोणी तो इंग्रजी मजकूर वाचायला घेतला, तर पहिल्याच वाक्यात त्याला व्याकरणाची एक खोच भेटते. वाक्य पॅसिव्ह व्हॉइसमध्ये आहे. स्तंभ उभारला गेला, एवढे ते सांगते. कोणी उभारला याचा उल्लेख त्यात येत नाही. ही खोच ओळखण्याची नजर मराठी मुलाकडे आली कुठून? इंग्रजीचे नियम त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आणि कोणाकोणाच्या हातून पोहोचले? त्यासाठी आपण या स्तंभापाशी घटकाभर थांबून बरेच मागे जाऊ.

पहिली गंमत अशी, की ज्या इंग्रजी व्याकरणाचा एवढा दरारा आपण बाळगला ते स्वतःच उसने होते. विल्यम बुलोकरने १५८६ साली इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण काढले ते लॅटिनच्या साच्यावर बेतून. पुढची दोन शतके इंग्रज पंडित आपल्या भाषेला लॅटिनचा अंगरखा घालून बघत राहिले. कुठे तो सैल पडला, कुठे उसवला. आपल्याकडे याच साच्याचे पहिले पाऊल पडले ते गोव्यात. इंग्लंडातून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. भारतीय भाषेचे छापील व्याकरण म्हणून पहिला मान त्याचा. मिशनरी विल्यम केरीचे मराठीचे व्याकरण १८०५ साली बंगालमधून निघाले, तेव्हा त्याच्या मागे पंडित वैजनाथशास्त्री उभे होते. म्हणजे परक्याने आपली भाषा शिकण्यासाठी तिचे नियम आधी लिहिले. आपण परक्याची भाषा शिकण्यासाठी नियम शोधायला निघालो ते त्यानंतर. दरम्यान १७९५ साली यॉर्कजवळ राहणाऱ्या लिंडले मरे नावाच्या एका अमेरिकी वकिलाने तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक लिहिले. मुलींच्या एका लहानशा शाळेसाठी लिहिलेले ते पुस्तक जगभर गेले आणि मुंबईतही उतरले. त्याची आपल्याशी पुन्हा भेट व्हायची आहे.

स्तंभाचा पाया घातला गेला त्याच १८२१ सालच्या ६ ऑक्टोबरला पुण्यात विश्रामबागवाड्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या पुढाकाराने संस्कृत पाठशाळा उघडली. तिचा पैसा आला कुठून हे पाहण्यासारखे आहे. पेशवाईत श्रावणमासात शास्त्रीपंडितांना दक्षिणा वाटली जाई आणि वेद, न्याय यांच्याबरोबर व्याकरण हाही त्या परीक्षेचा विषय असे. राज्य गेले तरी दक्षिणेची रक्कम एकदम बंद करणे नव्या सरकारला धोक्याचे वाटले, म्हणून तिचा काही भाग पाठशाळेकडे वळवण्यात आला. पुढे पाठशाळेत इंग्रजीचा शिरकाव झाला. १८५१ मध्ये इंग्रजी शाळा तिच्यात मिळवून पूना कॉलेज झाले. काही वर्षे त्याचे प्रमुखपद एडविन अर्नोल्ड यांच्याकडे होते. हेच अर्नोल्ड पुढे बुद्धचरित्रावरच्या ‘लाइट ऑफ एशिया’चे कवी म्हणून जगाला ठाऊक झाले. १८६८ मध्ये हे कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले आणि डेक्कन कॉलेज म्हणून नावाजले. तिथे हुशार पदवीधरांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे नाव ‘दक्षिणा फेलो’ असेच राहिले. पाणिनीची सूत्रे मुखोद्गत असणाऱ्यांसाठी ठेवलेला पैसा दोन पिढ्यांत शेक्सपिअर शिकणाऱ्यांच्या पदरात पडू लागला, फक्त शब्द जुना टिकला.

आता लिंडले मरेकडे वळू. मुंबईत १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा पानाचा एक स्तंभ इंग्रजीत आणि शेजारचा मराठीत असे. दोन भाषा शेजारी ठेवून वाचायची ही सवय त्या पिढीच्या अंगवळणी पडत होती. त्याच पिढीतले दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्याची मांडणी मरेच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर केली. शब्दांच्या जाती आठ, प्रत्येकीची व्याख्या, पोटभेद, मग वाक्यरचनेचे नियम. संज्ञा मात्र त्यांनी संस्कृतातून घेतल्या: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, अव्यय, विभक्ती, प्रयोग. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात ते योग्यच आहे, पण या पाणिनीच्या घराला वासे यॉर्कचे आणि कौले मूळ पाणिनीच्या शालातुरची होती. याचा एक परिणाम असा झाला, की मराठी शाळेत नाम आणि क्रियापद शिकलेला मुलगा नकळत इंग्रजी व्याकरणाच्या उंबरठ्यावर आणून सोडला गेला. नाऊन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, असे म्हणताच त्याला अर्धे ओळखीचे वाटे. वर्गात मास्तर एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘व्याकरण चालव’ म्हणत. मुलाने उभे राहून त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती आणि वाक्यातील कार्य एका दमात सांगायचे. इंग्रजीच्या तासालाही हाच खेळ, फक्त शब्द बदलायचे. गाडा चालवावा, नांगर चालवावा तसे व्याकरण चालवायचे, हा वाक्प्रचार मराठीचा स्वतःचा आहे आणि त्यात त्या जुन्या अध्यापनाची सगळी रीत साठलेली आहे.

नियम कळला तरी वाक्य करता आले पाहिजे, आणि इथे आणखी एक विसरलेला पूर्वज भेटतो. युरोपात पूर्वी परकी भाषा शिकायची म्हणजे व्याकरण पाठ करून थेट अभिजात ग्रंथाला हात घालायचा. पंडिताला ते झेपे, शाळकरी मुलाला झेपत नसे. १७९३ साली योहान ख्रिस्तियान फिक या जर्मन शिक्षकाने जर्मन मुलांसाठी इंग्रजीचे पुस्तक काढले, त्यात ग्रंथाच्या जागी सुटे वाक्य आले. एक नियम, थोडे शब्द, मग या भाषेतून त्या भाषेत आणि उलट अशी भाषांतराची वाक्ये. पुढे याच रीतीला व्याकरण-भाषांतर पद्धत असे नाव पडले आणि नव्या विचारांच्या शिक्षणतज्ज्ञांनी तिला एवढी नावे ठेवली, की ती मुळात सामान्य मुलासाठी सोपी वाट म्हणून निघाली होती हेच लोक विसरले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६४ साली संस्कृतचे पहिले पुस्तक लिहिले ते याच आखणीने, आणि पुण्यामुंबईचे विद्यार्थी आपल्याच पूर्वजांची भाषा इंग्रजीतून भाषांतरे करत शिकू लागले. इंग्रजीच्या बाजूने हीच आखणी घेऊन मराठी घराघरांत पोहोचली ती तर्खडकर भाषांतर पाठमाला. नियम मराठीत समजावलेला, शब्दांची यादी, खाली ओळीने वाक्ये. शिक्षक नसला तरी चालेल, कंदील आणि चिकाटी पुरे, असा तिचा खाक्या. सोपी वाक्ये संपली की जोडवाक्ये, ती संपली की अवघड काळ, अशी ती पायरीपायरीने वर चढवत नेई.

या पाठमालेचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा विद्यार्थी आपल्याला पुन्हा कोरेगावच्या दिशेने घेऊन येतो. कंपनीच्या ज्या मुंबई पलटणींत महार शिपाई होते, त्या पलटणींत पुढे शाळाही निघाल्या. शिपाई आणि त्यांची मुले तिथे लिहायला-वाचायला शिकत. गावच्या शाळेत ज्यांना वर्गाबाहेर बसावे लागे त्यांच्यासाठी छावणीतली शाळा हे वेगळेच जग होते. सुभेदार रामजी सकपाळ यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेत हेडमास्तरकी केली. निवृत्तीनंतर मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत त्यांनी आपल्या मुलाचे इंग्रजी स्वतः पक्के करून घेतले. साधने दोन: हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, पुढे कोलंबिया आणि लंडनला गेले आणि १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या इंग्रजीचा पाया मराठी वाक्यांच्या भाषांतराने घातला गेला होता. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कानावर इंग्रजी पडलेली नाही, पुस्तकांचे कपाट नाही, वाड्यात येणारा खासगी शिक्षक नाही, त्या घराला भाषा ऐकून-ऐकून येत नाही. त्याला नियम उघड मांडून द्यावा लागतो, तोही त्याला समजणाऱ्या भाषेत. पाठमालेने चार आण्याआठ आण्यांचा हिशेब करणाऱ्या घरांना हा नियम दिला. इंग्रजी व्याकरणाच्या या सगळ्या प्रवासातले मला सर्वांत मोलाचे वळण हेच वाटते.

विद्यापीठांकडे पाहिले तर त्या वर्तुळात व्याकरण ही चाळणी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला बसलेल्या १३२ जणांपैकी २२ पार पडले. पुण्यात १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. त्याच्या संस्थापकांत असलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर मराठीचे कट्टर अभिमानी, तरी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटल्याचे श्रेय त्यांच्याच नावावर आहे. त्यांचे सहकारी गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये वाक्यमीमांसेवर पुस्तक लिहिले, ते इंग्रजी शाळांतून मुरलेले वाक्यपृथक्करण मराठी वाक्यांना लावून. मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा भला थोरला ग्रंथ १९११ साली आला आणि त्याने दादोबांपासूनच्या साऱ्या मतांची झाडाझडती घेतली. देवघेव अशी दोन्ही बाजूंनी चालू होती, आणि तिच्यात काही गुंतेही झाले. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद आंब्याच्या मागे जाते. आंब्याऐवजी चिंच घातली की ‘खाल्ली’ होते. म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र हेच वाक्य सरळ ॲक्टिव्ह आहे. पॅसिव्ह व्हॉइसला कर्मणी प्रयोग हा प्रतिशब्द देऊन दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडले, आणि कित्येक पिढ्यांनी रामाचा साधा आंबा इंग्रजीत ‘वॉज ईटन बाय राम’ करून टाकला. उलट ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ अशी रचना मराठीत रुळली आणि तिला ‘नवीन कर्मणी’ म्हणून व्याकरणात जागा द्यावी लागली. आजही स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले हा प्रयोग ओळखायला शिकतात आणि पुस्तकात त्याच्यापुढे इंग्रजी पॅसिव्हचा दाखला असतो.

विसाव्या शतकाबरोबर मराठीतून समजावणारे पुस्तक मागे सरले आणि इंग्रजीतून इंग्रजी शिकवणारे पुढे आले. नेसफील्डची व्याकरणे १८९० च्या दशकापासून देशभर चालली. १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन ही जोडी आली. त्यातला पी. सी. रेन हा मुंबई इलाख्यातल्या कराचीत हेडमास्तर राहिलेला शिक्षणखात्याचा माणूस; त्याच्याच लेखणीतून ‘बो जेस्ट’ ही परदेशी पलटणीवरची गाजलेली कादंबरी १९२४ साली उतरली होती. मुळात गोऱ्या अंमलदारांच्या मुलांना समोर ठेवून लिहिलेले हे व्याकरण स्वातंत्र्यानंतर तालुक्याच्या गावातल्या एस.टी. स्टँडवरच्या बुकस्टॉलपर्यंत पोहोचले. इंग्लंडात ज्याची आठवण फारशी उरली नाही ते पुस्तक आपल्याकडे घराघरांत जपले गेले, वापरून वापरून पानांच्या कडा मऊ झालेले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. मागोमाग महाविद्यालये खेड्यांच्या दिशेने सरकू लागली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले; १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले. पदवीच्या पहिल्या वर्गात आता घरातली पहिलीच शिकणारी मुले बसू लागली आणि त्यांच्यापुढे प्राध्यापक शेक्सपिअरचा उतारा घेऊन उभे राहिले. ही दरी बुजवायची कशी, यावर उत्तरे बाहेरून येत गेली. १९५४ पासून डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या उन्हाळी शाळा भरू लागल्या. भाषा म्हणजे आधी बोलणे आणि तिचे आकृतिबंध, हा विचार तिथे चर्चेत आला. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली. रचना-पद्धतीचा बोलबाला झाला: व्याख्या सांगू नका, वाक्याचा साचा पुन्हा पुन्हा म्हणून घ्या. वर्गावर्गांतून ‘धिस इज अ पेन’चा घोष घुमला. सत्तरच्या दशकात दुसरा वारा आला, संवादाला महत्त्व देणारा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरूच्या प्रकल्पात दाखवले, की मुलांना रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा देऊन कामाला लावले आणि लक्ष अर्थाकडे ठेवले तर व्याकरण आपसूक मनात रुजू शकते. कल्पना मोठी होती आणि जगभर तिची दखल घेतली गेली.

पण प्रत्येक नव्या वाऱ्याने एक खिडकी उघडताना मराठीचे दार लावून घेतले. वर्गात मराठी बोलायचे नाही, भाषांतर करायचे नाही, नियम सांगायचा नाही. दार समोरून लागले की मागून उघडते. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकाच्या आत मराठीतून समजावणारे गाइड ठेवले, क्लासच्या सरांनी फळ्यावर काळांचा तक्ता मराठीत काढला, आणि तर्खडकरांची पाठमाला नव्या नव्या आवृत्त्या काढत राहिली. २००० साली महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली. तरी बारा-पंधरा वर्षांनी पदवीच्या वर्गात येणाऱ्या मुलांची अडचण फारशी बदलली नव्हती.

आज कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर ते रांजणगाव हा सगळा पट्टा कारखान्यांनी भरला आहे. इथल्या पदवीधराला मुलाखतीत स्वतःविषयी चार वाक्ये इंग्रजीत सांगायची असतात. तो म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ ही चूक निष्काळजीपणाची नाही, तिच्यामागे मराठीचे पक्के व्याकरण आहे. मराठीत ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०२० पासून’ या दोन्हीला एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजी मात्र मुदतीला ‘फॉर’ आणि आरंभबिंदूला ‘सिन्स’ असे दोन शब्द लावते. मराठीत ‘राहतोय’ म्हटले की काम चालू आहे एवढे पुरते. इंग्रजीला काल सुरू झालेले आजपर्यंत ओढून आणणारा वेगळा काळ हवा असतो. हे त्याला मराठीत दोन मिनिटांत समजते. इंग्रजीत पन्नास वाक्ये घोकूनही निसटते. अलीकडे जगातले भाषातज्ज्ञही याच निष्कर्षाकडे आले आहेत. विद्यार्थ्याच्या दोन्ही भाषा वर्गात एकत्र वापरण्याच्या पद्धतीला वेल्समधल्या शाळांतून १९९० च्या दशकात जे नाव मिळाले, ते ट्रान्सलँग्वेजिंग आता विद्यापीठांच्या चर्चासत्रांत मानाने मिरवते. रामजी सुभेदारांनी चाळीतल्या खोलीत हेच केले होते, नाव न देता. बोलण्याचा सराव हवा, कामातून शिकणे हवे, प्रभूंचे वेळापत्रकही हवे. त्यांच्या बरोबरीने नियमाचे उघड बोट धरायलाही लाजायचे कारण नाही.

पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. १ जानेवारी १८४८ रोजी भिडे वाड्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली असे मानतात, आणि १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी त्यांची कविता आहे. त्याच विद्यापीठाच्या कुठल्याशा महाविद्यालयातली एखादी मुलगी आज पेरण्याच्या शिवारात स्तंभापुढे उभी आहे असे आपण धरू. तिला मराठी चौथीपाचवीत कर्ता शोधायची युक्ती शिकवलेली असते: क्रियापदाला ‘णारा’ लावा आणि विचारा. खाणारा कोण? राम. जाणारा कोण? गोविंद. इंग्रजी मजकुराचे पहिले वाक्य वाचून ती सवयीने तीच युक्ती लावते. उभारणारा कोण? वाक्यात उत्तर मिळत नाही. मग ती खाली सरकते आणि त्याच दगडावर कोरलेली पडलेल्या शिपायांची नावे एकेक करून वाचू लागते.